स्टाइनहॅचीला जुलैत स्कॅलप आणि मासेमारी एकाच दिवशी जमते का?

अटलांटाकर:
जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात फ्लोरिडाला स्टाइनहॅचीला जातोय. चार मोठे, दोन मुलं (९ आणि १२ वर्षं). एक दिवसासाठी पाँटून बोट (सपाट, रुंद तळाची) भाड्याने ठरवली आहे. पोहता सगळ्यांना येतं, स्नॉर्केल (पाण्यात तोंड घालून श्वास घ्यायची नळी) मात्र कुणीच वापरलेलं नाही. सकाळी सी ट्राउट मासा धरायचा आणि मग बुडी मारून स्कॅलप (खायचे शिंपले) वेचायचे, असा बेत आहे. परवाना कुणाकुणाला लागतो, काय सामान घ्यायचं आणि किती वाजता निघायचं?

खाडीवाला:
जमतं, पण क्रम उलटा करू नका. उजाडताना गरी टाकायची, नऊच्या पुढे पाण्यात उतरायचं आणि दुपारी एकच्या आत धक्क्याला लागायचं. ट्राउट ऊन चढायच्या आधी खातो. स्कॅलप दिसायला सूर्य डोक्यावर हवा. आणि उन्हाळ्यात त्या किनाऱ्यावर दुपारी विजांचं वादळ जवळजवळ रोजचंच. सपाट पाण्यात सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुमची बोट, तेव्हा गडगडाट ऐकू आला की नांगर उचला.

भरती-ओहोटीचं कोष्टक आधी बघा. भरतीचा शेवटचा तास आणि त्यानंतर पाणी थांबतं ती वेळ उत्तम. ओहोटीत नदीचं चहाच्या रंगाचं पाणी बाहेर येतं आणि तळाचं समुद्री गवत, ज्यात स्कॅलप असतात, ते दिसेनासं होतं. आदल्या दोन दिवसांत जोराचा पाऊस झाला असेल तर नदीच्या तोंडापासून लांब जा, उत्तरेला कीटन बीचच्या बाजूला किंवा दक्षिणेला पेपरफिश कीजकडे.

परवाना: १६ वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येकाला खाऱ्या पाण्याचा मासेमारी परवाना. बाहेरच्या राज्यातल्यांना तीन दिवसांचा १७ डॉलर, सात दिवसांचा ३० डॉलर, वर सेवाशुल्क. मुलांना लागत नाही. बोट चालवणाऱ्याचा जन्म १ जानेवारी १९८८ चा किंवा त्यानंतरचा असेल तर बोट सुरक्षेचं कार्डही हवं. तात्पुरतं कार्ड ऑनलाइन परीक्षा देऊन मिळतं. हे काम घरूनच उरका.

स्टाइनहॅचीच्या पट्ट्यात स्कॅलपचा हंगाम १५ जूनपासून लेबर डेपर्यंत (सप्टेंबरचा पहिला सोमवार). १ जुलैनंतर माणशी २ गॅलन शिंपल्यासकट, नाहीतर १ पाइंट सोललेलं मांस. दोन्ही मिळून नाही. आणि बोटीची कमाल १० गॅलन, म्हणजे तुम्ही सहा जण असलात तरी १२ होत नाहीत. पाच गॅलनच्या बादलीवर आतून २ गॅलनची खूण करून ठेवा. नियम बदलतात, निघण्याच्या आठवड्यात एफडब्ल्यूसीचं (फ्लोरिडाचं मासे-वन्यजीव खातं) संकेतस्थळ पुन्हा उघडा.

निळेडोळे:
पाण्यातलं मी सांगतो. ४ ते ८ फूट खोली पुरे, मुलांना घेऊन ४-५ फुटांतच राहा. स्कॅलप तिसऱ्यांसारखे वाळूत पुरलेले नसतात, गवतावर किंवा गवताच्या बुडाशी उघडे पडलेले असतात. वरचं कवच काळपट, त्यावर शेवाळ, त्यामुळे सरळ खाली बघितलं तर नजर चुकते. थोडं पुढे, तिरकं बघा. शिंपल्याच्या फटीत बारीक निळ्या डोळ्यांची रांग चमकते. गवत आणि वाळूचे डाग जिथे मिळतात त्या कडा आधी धुंडाळा. एक सापडला की तिथेच गोल फिरा, आसपास आणखी असतात. कवचं फटाफट मिटून ते पळतात, पण दोन-चार फुटांपुढे नाही.

बोटीवरून उतरल्यावर आधी प्रवाहाच्या विरुद्ध पोहा, म्हणजे दमल्यावर पाणीच तुम्हाला बोटीकडे आणेल. बहुतेक नवखे नेमकं उलट करतात. एक मोठा माणूस कायम बोटीवर हवा. वीस मिनिटांत दहाही मिळाले नाहीत तर नांगर उचलून अर्धा मैल सरका. तिथेच घासत बसण्यात अर्थ नाही.

पाण्यात माणसं आहेत हे सांगणारा लाल झेंडा, त्यावर पांढरा तिरका पट्टा: बोटीवरचा किमान २० बाय २४ इंच आणि ताठ राहणारा. त्यापासून ३०० फुटांच्या आत पोहायचं. सगळे वर आले की झेंडा उतरवायचा. भाड्याच्या बोटीत तो आहे ना, धक्क्यावरच विचारा.

हातमोजे, कमरेला जाळीची पिशवी, लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा. पाय टेकवाल तिथे ते घासत टाका, स्टिंगरे (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतो. अंगावर उघडी जखम असेल तर कोमट खाऱ्या पाण्यात उतरूच नका. तिथल्या व्हिब्रिओ जिवाणूने माणसं दगावतात.

गरीवाला:
ट्राउटसाठी ७ फुटी हलका स्पिनिंग रॉड, २५०० मापाचं रीळ, १० पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पुढे २० पौंडी फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोरा. पॉपिंग कॉर्कखाली (ओढल्यावर आवाज करणारं तरंगतं बूच) २ ते अडीच फुटांवर १/८ औंसाचा जिगहेड (वजन जोडलेला गळ) आणि रबरी कोळंबी. जिवंत कोळंबीवर खर्च नको. जुलैत पिनफिश नावाचे छोटे मासे ती मिनिटात कुरतडतात. इंजिन बंद करून ३ ते ५ फूट पाण्यात बोट वाऱ्यावर सोडा, कॉर्क दोनदा जोरात ओढा, पाच-सहा सेकंद थांबा. मासा बहुधा त्या थांबण्यातच घेतो. कॉर्क बुडाला की हिसका मारू नका, तोंडाची कातडी पातळ असते, फाटते. रिळाचा ड्रॅग (दोरा सुटू देणारा अडसर) सैल ठेवा.

हा आपल्या घोळ-ढोम्याच्या कुळातला मासा, मांस मऊ. पकडल्या पकडल्या बर्फात गेला नाही तर दुपारपर्यंत लगदा होतो. त्या भागात ठेवता येतात ते १५ ते १९ इंचांचे, माणशी ५. १९ इंचांवरचा अख्ख्या बोटीला एकच.

आणि गवत जपा. पाठीमागे पाणी गढूळ दिसलं की पंखा तळाला लागतोय. इंजिन बंद, वर उचला, काठीने ढकला. जोर लावून निघायला गेलात तर गवताची मुळं उपटतात आणि तो चर भरायला वर्षं जातात. शिवाय त्याबद्दल तिथे दंड होतो. नांगर वाळूच्या डागात टाका. सुटं गवत इंजिन गार ठेवणारं पाणी आत घेणाऱ्या जाळीत अडकतं, इंजिनाच्या मागून पडणारी पाण्याची बारीक धार मंदावली तर आधी तिथे हात घाला.

अटलांटाकर:
सगळ्यांचे आभार. स्कॅलप साफ कसे करायचे? आणि आमटीत चालतील का?

निळेडोळे:
कूलरच्या तळाला बर्फ, त्यावर जाळी किंवा ओला टॉवेल, वर स्कॅलप, पाणी जाण्याचं बूच उघडं. वितळलेल्या गोड्या पाण्यात बुडाले की मरतात आणि मांस पाणचट होतं. गार झाले की आपोआप थोडे उघडतात. तेव्हा काळी बाजू वर धरा, कडेला घासून धार केलेला चमचा बिजागरीपाशी घाला, वरच्या कवचाला चिकटवून फिरवा. कवच निघालं की काळी घाण चमच्याने बिजागरीकडून पुढे एका झटक्यात ओढून टाका, मग पांढरा स्नायू खरवडून घ्या. खायचा तो फक्त स्नायूच. कवचं नदीत किंवा धक्क्यापाशी फेकू नका, पाय कापतात.

खाडीवाला:
आमटीत शिजवलेत तर रबर होईल. हे बोटाच्या पेराएवढे तुकडे. तिखलं करायचंच असेल तर वाटण, कोकम सगळं उकळून तयार ठेवा, गॅस बंद करायच्या दीड मिनिट आधी स्कॅलप टाका. रवा लावून तळण्यापेक्षा कागदाने कोरडे टिपून, कडकडीत तव्यावर एकेक मिनिट दोन्ही बाजूंनी. तव्यात गर्दी केलीत तर पाणी सुटेल.