पगार घेत घेत इंजिनिअरिंगची डिग्री, तीपण टीव्ही-रेडिओच्या लाइनमध्ये. सांगलीतून जमेल का?

द्राक्षबाग_तासगाव

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय पण पूर्ण वाचा आणि माहीत असेल तर सांगा. माझी पुतणी बारावी सायन्सला आहे, मॅथ्स फिजिक्स चांगलं आहे, सीईटी देणार आहे. पोरीला लहानपणापासून स्पीकर, रेडिओ, डिश असल्या गोष्टींचा लई नाद. आमच्या जत्रेत साऊंडमधनं सारखा घूंऽऽ आवाज येत होता, मंडपवाल्याची पोरं वायरी हलवून हलवून दमली. हिनं बघितलं तर मिक्सरला लाईट देवळातनं घेतलेली आणि अ‍ॅम्प्लिफायरला शाळेतनं. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या म्हणाली, घेतलं, आवाज गायब. कुणी शिकवलं नाही हो तिला हे.

तर तिनं नेटवर वाचलंय की इंग्लंडमध्ये बीबीसी ब्रॉडकास्ट इंजिनिअरिंगची डिग्री अप्रेंटिसशिप देतं. म्हणजे पहिल्या दिवसापासून नोकरी, पगार चालू, युनिव्हर्सिटीची फी भरायची नाही आणि शेवटी इंजिनिअरची डिग्री हातात. तेव्हापासनं तिच्या डोक्यात तेच आहे. इकडं भावाची बाग सलग अवकाळीत सापडली, सोसायटीचं आणि बँकेचं दोन्ही कर्ज अंगावर, त्यामुळं चार वर्षांची फी म्हटलं की घरात सगळे गप्प होतात. सांगलीत एका कन्सल्टन्सीत चौकशी केली तर तो म्हणतो अप्रेंटिस व्हिसा करून देतो, साडेतीन लाख लागतील, निम्मे आधी भरा. भाऊ वहिनीचं सोनं ठेवायला तयार झालाय. मला धाकधूक वाटतीय. हे खरं आहे का, आणि आपल्याकडं असलं काही आहे का?

मिरजकर_मँचेस्टर

दादा, सगळ्यात आधी भावाला फोन करा आणि सोनं घरातच ठेवायला सांगा. एक रुपया पण भरू नका.

आता नीट सांगतो. मी इकडं बरीच वर्षं आहे, सॅल्फर्डच्या मीडियासिटीजवळच राहतो, बीबीसीचा मोठा कारभार तिथंच आहे आणि माझ्या ओळखीतली पोरं या रस्त्यानं गेलेली आहेत. पुतणीनं वाचलंय ते खरं आहे. इंग्लंडमध्ये डिग्री अप्रेंटिसशिप २०१५ पासून सुरू झाल्या. पोरगा किंवा पोरगी कंपनीचा कर्मचारी असतो, पगार मिळतो, आणि कामातून सुटी देऊन युनिव्हर्सिटीत पाठवतात, कधी आठवड्यातला एक दिवस, कधी सलग काही आठवडे. ब्रॉडकास्टमध्ये तर मधे मधे विभाग बदलून फिरवतात, कधी रेडिओ स्टुडिओ, कधी न्यूज, कधी ओबी, म्हणजे स्टुडिओबाहेरून होणारं प्रक्षेपण. साधं कॉलेज केलं तर इथल्याच पोरांना २०२५-२६ ला वर्षाला ९५३५ पौंडांपर्यंत फी होती, ती अप्रेंटिसला शून्य. पैसा कुठून येतो तर ज्या कंपनीचं पगाराचं बिल वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर आहे तिच्याकडून सरकार ०.५ टक्का लेव्ही, म्हणजे एक प्रकारचा कर, घेतं, एप्रिल २०१७ पासून, आणि तो पैसा मुख्यतः अप्रेंटिसच्या शिक्षणासाठी असतो. त्यामुळं मोठ्या कंपन्या स्वतःहून पोरं घेतात. मला विचाराल तर या देशातल्या चांगल्या गोष्टींपैकी ही एक आहे, गरीब घरातलं पोर कर्जाशिवाय इंजिनिअर होतं.

पण हा पैसा इथल्या रहिवाशांसाठी आहे. साधारण मागची तीन वर्षं कायदेशीरपणे इथं राहिलेलं पाहिजे आणि काम करायचा हक्क पाहिजे. स्टुडंट व्हिसावर आलेल्याला हे मिळत नाही. आणि तासगावात बसून 'अप्रेंटिस व्हिसा' काढायचा असा प्रकारच नाही, त्या नावाचा व्हिसाच नाही. हे लोक काय करतात तर कुठल्यातरी कॉलेजात फी भरून ॲडमिशन घेऊन देतात, वर स्टुडंट व्हिसा, आणि पोरगं इथं उतरल्यावर कळतं की शिकताना आठवड्याला २० तासच काम करता येतं आणि तेवढ्यात खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही. अशी पोरं मी डोळ्यांनी बघितलीत, रडत घरी फोन करायची पण सोय नसते कारण घरी शेत गहाण असतं.

पुतणीला सांगा, नाद सोडू नकोस, फक्त रस्ता आपल्याकडचा धर.

रिटायर्ड_आकाशवाणी

तुमच्या पुतणीचं कौतुक वाटलं. तिनं जे पकडलं त्याला आम्ही ग्राउंड लूप म्हणतो. दोन ठिकाणचं अर्थिंग कधी सारखं नसतं, मधल्या ऑडिओ केबलच्या जाळीतून करंट फिरायला लागतो आणि ५० हर्ट्झ स्पीकरमधून ऐकू येतात. बारावीच्या पोरीला हे बघून उमगत असेल तर तिला या कामाचा कान आहे.

मी आकाशवाणीत डिप्लोमावर लागलो. आमच्या वेळी खातं आधी नोकरी द्यायचं आणि मग शिकवायचं, दिल्लीला किंग्सवे कॅम्पच्या स्टाफ ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये पाठवायचे. आता तिला नॅशनल अकॅडमी ऑफ ब्रॉडकास्टिंग अँड मल्टिमीडिया म्हणतात, इंजिनिअरिंगच्या मुलांना तिथं ट्रेनिंग घेता येतं. मी डिग्री केली ती नोकरीत राहून, एएमआयई, म्हणजे इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या परीक्षा देऊन. रात्रपाळीला ट्रान्समीटरचं दर तासाचं रीडिंग लिहायचं, प्लेट करंट, फॉरवर्ड पॉवर, रिफ्लेक्टेड पॉवर, आणि मधल्या वेळात गणितं सोडवायची. पगार घरी, डिग्री दारी. बीबीसीवाले आज जे करतात ते आमच्या खात्यानं वेगळ्या पद्धतीनं केलेलं आहे, आणि आपल्या साताऱ्याला तर हे कुणी बाहेरून येऊन सांगायची गरजच नाही. कर्मवीर अण्णांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, 'कमवा आणि शिका'मध्ये पोरांनी शेतात, बांधकामावर राबून शिक्षण घेतलं.

पण एएमआयईच्या नादाला आता लागू नका. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांचीच ती सरकारी नोकरीला डिग्रीच्या बरोबरीची धरतात. अजूनही काही क्लासवाले नवीन पोरांना नावं नोंदवायला लावतात, त्यांच्यापासून सावध. तसंच पत्राद्वारे, डिस्टन्सनं बीटेक कुणी देतो म्हणाला तरी घेऊ नका, एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या केंद्राच्या संस्थेची, मान्यता त्याला नसते.

पुतणीला माझ्याकडून एक गणित द्या. सांगली आकाशवाणी १९६३ ला सुरू झाली, मध्यमलहरीवर १२५१ किलोहर्ट्झ. तरंगलांबी काढ म्हणावं. साधारण २४० मीटर येईल, त्याचा चौथा भाग ६० मीटर. आता सातारा एफएम १०३.१ मेगाहर्ट्झचं काढ, ते तीन मीटरच्या आत येतं. मग विचारा, मध्यमलहरीला अख्खा टॉवरच अँटेना का असतो, चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा, आणि एफएमला उंच जागी छोटे छोटे अँटेना का पुरतात. हे तिनं स्वतः शोधून काढलं तर इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशनला घाला, डोळे झाकून.

एमसीआर_नाईटशिफ्ट

मी कराडची, सध्या मुंबईत एका चॅनेलच्या एमसीआरमध्ये आहे, म्हणजे मास्टर कंट्रोल रूम, जिथून शेवटचा सिग्नल बाहेर जातो. काकांनी लिहिलंय ते मनापासून पटलं, पण आत्ताचं चित्र थोडं वेगळं आहे ते सांगते.

भारतात बीबीसीसारखी तंतोतंत स्कीम, म्हणजे चॅनेलनंच बीटेकची फी भरून पगार देऊन इंजिनिअर करायचं, अशी माझ्या बघण्यात नाही. पण तुकडे आहेत, ते जोडावे लागतात. मी कराडच्या गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकमधनं डिप्लोमा केला, अप्रेंटिस म्हणून राहिले, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई. अप्रेंटिस कायदा १९६१ चा आहे, डिप्लोमा आणि डिग्रीवाल्यांसाठी केंद्राची एनएटीएस योजना आहे, पोर्टलवर नाव नोंदवायचं. २०१९ च्या नियमात डिप्लोमाला महिन्याला किमान ८००० आणि डिग्रीला ९००० स्टायपेंड होता, कंपनी जास्त देऊ शकते, त्या किमान रकमेतला निम्मा वाटा सरकार उचलतं. रक्कम मोठी नाही, पण कॉन्ट्रॅक्ट पोर्टलवर नोंदलेलं असतं आणि शेवटी सर्टिफिकेट मिळतं. नोंद नसेल तिथं राहू नका. मला पहिल्या एका ठिकाणी 'ट्रेनी' म्हणून ठेवलं, लेटर नाही काही नाही, महिनेच्या महिने नाईट करून घेतल्या आणि अनुभवाचा दाखला मागितला तर तुम्ही आमच्या रोलवरच नव्हता म्हणाले. अजून राग येतो.

दुसरा तुकडा म्हणजे नोकरी करत डिग्री. डिप्लोमा झाला आणि कामाचा अनुभव असला की बिट्स पिलानीचे वर्क इंटिग्रेटेड कोर्स आहेत, १९७९ पासून चालू आहेत. आणि २०२३-२४ पासून एआयसीटीईनं काही कॉलेजांना नोकरदारांसाठी संध्याकाळची किंवा सोयीच्या वेळेची बीटेक चालवायला परवानगी दिलीय, तिथं कामाचा अनुभव लागतो आणि नोकरीचं ठिकाण कॉलेजपासून ठरावीक अंतरात लागतं. म्हणजे तासगावात राहून मुंबईच्या चॅनेलचं काम आणि इस्लामपुरात कॉलेज असं जमत नाही, हे आधीच बघा.

आता कामाबद्दल. पुतणीला वाटत असेल कॅमेरे, स्टुडिओ, लाइट. ते आहेच, पण आमचं निम्मं काम आता नेटवर्कचं झालंय. पूर्वी एका व्हिडिओला एक कोॲक्सियल केबल, एसडी असेल तर २७० मेगाबिट, एचडीला १.४८५ गीगाबिट. आता सगळं आयपीवर, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कवर चाललंय, त्याचं स्टँडर्ड एसएमपीटीई २११०, तिथं व्हिडिओ, ऑडिओ, डेटा वेगवेगळे जातात आणि सगळ्यांना एकाच घड्याळावर चालवावं लागतं, पीटीपी म्हणतात. घड्याळ जरा घसरलं की ओठ आणि आवाज जुळत नाहीत. निवडणुकीच्या मतमोजणीला पहाटेपासून इतके फीड येत असतात की एखादा गेला तर कुठल्या स्विचवर गेला ते काही सेकंदात सांगावं लागतं. तिथं जो न घाबरता एक एक टप्पा मागं जात तपासतो तोच टिकतो, आणि मंडपात सगळे वायरी हलवत असताना तुमची पुतणी तेच करत होती की. इंटरव्ह्यूला मला नेटवर्कमधला सबनेट मास्क विचारला होता आणि जेनलॉक, म्हणजे सगळे कॅमेरे एका ठेक्यात चालवणारा सिग्नल, कशासाठी लागतो ते. म्हणून कॉलेजात असतानाच नेटवर्किंग शिकायचं.

मुलगी म्हणून विचाराल तर शिफ्ट आहेत, नाईट आहे, ओबी व्हॅनवर गेलं की घाण बाथरूमपासून सगळं आहे. पण काम येत असेल तर कुणी अडवत नाही. माझ्या शिफ्टमध्ये आम्ही बायका आहोत आणि सिग्नल कुणाच्या हातातून गेला ते बघणाऱ्याला कळत नाही.

विटा_एक्सप्रेस

माझं मत वेगळं आहे. टीव्ही कोण बघतंय आता? दूरदर्शनचे गावोगावचे टॉवर बंद झाले, सगळी पोरं मोबाईलवर. कॉम्प्युटर सायन्सला घाला आणि मोकळे व्हा, नोकरी तरी लागेल.

एमसीआर_नाईटशिफ्ट

दादा, मोबाईलवर मॅच बघता ती पण कुठल्यातरी ओबी व्हॅनमधनंच निघते. मैदानातले कॅमेरे, मिक्सर, रिप्ले, ऑडिओ सगळं तेच, फक्त शेवटचा टप्पा टॉवरऐवजी इंटरनेट झालाय. माणसं तीच लागतात, उलट दोन्ही येणारी माणसं मिळत नाहीत. आणि जिला आवाजाची घरघर ऐकून कारण कळतं तिला नुसत्या कोडिंगला बसवायचं म्हणजे अन्याय आहे. ईएनटीसी, म्हणजे काकांनी सांगितलेलं इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन, घेतलं तर सॉफ्टवेअरचा दरवाजा बंद होत नाही, हे पण खरं.

द्राक्षबाग_तासगाव

सगळ्यांचे लई आभार. भावाला मिरजकर दादांचं उत्तर वाचून दाखवलं, कन्सल्टन्सीला नाही सांगितलं. पुतणीनं २४० मीटरचं गणित केलं, एफएमचं २.९ मीटर आलं म्हणते, आणि आता टॉवर बघायला न्या म्हणून मागं लागलीय. तिचा प्रश्न असा की तिनं सीईटीतून थेट बीटेक करावं का आधी डिप्लोमा? फीचं काय? आम्ही कुणबी, ओबीसीमध्ये आहोत.

एमसीआर_नाईटशिफ्ट

मग फीचं टेन्शनच कमी करा. जुलै २०२४ चा राज्य सरकारचा जीआर आहे, ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसमधल्या मुलींना कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखाच्या आत असेल तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ. ॲडमिशन कॅप राउंडमधनंच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतनंच पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातनं घेतली तर नाही मिळत. खाणं, होस्टेल मात्र तुमचं.

म्हणून मी म्हणेन सीईटी जोरात द्या. सांगलीचं वालचंद, कराडचं गव्हर्नमेंट कॉलेज, सातारा, इस्लामपूर, इलेक्ट्रॉनिक्स किंवा ईएनटीसी जिथं लागेल तिथं. मार्क कमी आले तरच डिप्लोमा, बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला घेतात, आणि नंतर बीईच्या दुसऱ्या वर्षाला. त्यात एक वर्ष जास्त जातं पण अप्रेंटिस करता येते आणि हातात काम येतं. दोन्ही रस्ते चांगले आहेत, मी दुसऱ्यानं आलेय.

रिटायर्ड_आकाशवाणी

नॉन क्रिमिलेयर, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आत्ताच तहसीलला अर्ज करून काढून ठेवा. जात पडताळणीला सर्वात जास्त वेळ जातो, ती बारावीच्या कॉलेजमार्फत आजच टाका. निकालानंतर त्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. टॉवर बघायचा असेल तर केंद्रावर कॉलेजचं पत्र घेऊन रीतसर परवानगीनं जा, आणि तिला वही न्यायला सांगा. मी सांगलीतच असतो, मेसेज करा, बरोबर येईन.