मदत हवी आहे: घरगुती स्पेक्ट्रोमीटरला कोणता बोर्ड घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी वसमतचा, म्हणजे हळदीला तोटा नाही. घरीच स्पेक्ट्रोमीटर (उजेडाचे रंग वेगळे करून मोजायचं यंत्र) बनवतोय. हळदीच्या अर्कातून उजेड सोडून कुरकुमिन (हळदीतलं पिवळं रंगद्रव्य) ४२५ नॅनोमीटरच्या (जांभळट-निळ्या उजेडाच्या) आसपास किती शोषतं ते बघायचंय. डीव्हीडीचा पापुद्रा सोलून ग्रेटिंग (उजेडाचे रंग वेगळे करणारी बारीक रेघांची पट्टी) केलंय (मिलिमीटरला साधारण १३५० रेघा), दोन ब्लेडांची फट, आतून काळा कागद डकवलेला पुठ्ठ्याचा डबा. सीएफएल दिव्याच्या ४३६ आणि ५४६ नॅनोमीटरच्या रंगीत रेषा डोळ्यांना झकास दिसतात.

अडलंय बोर्डपाशी. रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या चिमुकल्या संगणक-बोर्डाची ५१२ एमबी रॅम पायथन-ओपनसीव्हीला (फोटो तपासायच्या सॉफ्टवेअरला) पुरेल, की पाय ४ च घ्यावा? रेषांचे फोटो काढायला कॅमेरा पायचाच घेईन म्हणतो. माझ्या वेबकॅमचं ऑटो एक्स्पोजर (उजेड आपोआप कमीजास्त करणं) बंदच होत नाही, मग मोजमापाला काय अर्थ? ८ मेगापिक्सेल लागतात का? आमच्याकडं लाईटीचा भरवसा नाही, पॉवर बँकवर चालणारं सुचवा.