उतारावर पुढचा टायर फुटला, तेव्हा नेमकं काय करायला हवं होतं?

प्रश्न

गेल्या रविवारी लांब उतारावर माझ्या सायकलचा पुढचा टायर फुटला. मीटरवर ताशी ५४ किमी दिसत होते, पुढे डावं वळण येणार होतं. बंदुकीच्या बारासारखा आवाज झाला आणि काही कळायच्या आत मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. हँडल उजवीकडे ओढलं गेलं, रिम डांबरावर खरवडली. त्यानंतरचं आठवतंय ते थेट रस्त्याच्या कडेला बसल्यापासूनचं. कॉलरबोन मोडलंय, डावा हात गळ्यात बांधलाय. हेल्मेटला तडा गेला, डोकं वाचलं.

त्या दोन-तीन सेकंदांत काय केलं असतं तर पडलो नसतो? आणि टायर मुळात फुटला का? तो जेमतेम दोन महिने वापरलेला. आदल्या रात्रीच ट्यूब बदलून १०० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) हवा भरली होती. सायकल रिम ब्रेकची आहे, म्हणजे ब्रेकचे रबर थेट रिमवर दाबले जातात.

प्रतिसाद

आधी हात बरा होऊ द्या, सायकल कुठे पळून जात नाही.

माझे दोन्ही टायर असे गेलेत. मागचा गेला तेव्हा वेग साठच्या आसपास होता. सायकल मागून डोलत राहिली, पण थांबली. पुढचा गेला तेव्हा वेग निम्मा होता, तरी मी कितीतरी जास्त घाबरलो, कारण हँडल आपलं ऐकेनासं होतं. म्हणून ब्रेकला हात घालण्याआधी कोणतं चाक गेलं ते ओळखायचं. हँडल जड आणि लिबलिबीत लागलं तर पुढचं, बुडाखाली वळवळ जाणवली तर मागचं.

मग फुटलेल्या चाकाचा ब्रेक सोडून द्यायचा आणि धड चाकाचा धरायचा. हवा गेलेला टायर रिमवर नुसता लोंबत असतो. त्याच चाकाला ब्रेक लावला की तो सरकतो, निसटतो आणि उघडी रिम रस्त्याला टेकते. तुम्हाला ऐकू आलेली खरवड तीच असणार.

पुढचा गेला तर बूड सीटच्या मागच्या टोकाकडे न्यायचं, हातांवरचा भार काढायचा, कोपर सैल, हँडल सरळ. मागचा ब्रेक हळूहळू वाढवत न्यायचा, चाक घसरायला लागलं की किंचित सोडायचा. एकट्या मागच्या ब्रेकने थांबायला अंतर बरंच लागतं, तेवढं लागू द्या. तुमच्या वेगाला सेकंदाला १५ मीटर जातात. रस्ता सरळ आणि मोकळा असेल तर पहिला एक सेकंद काहीच न करता गेला तरी चालतो. घाबरून दाबलेला पुढचा ब्रेक मात्र चालत नाही.

वळण ही खरी अडचण. सायकल कलली की फुटलेल्या टायरची पकड संपते. जो काही वेग कमी करायचा तो वळणाआधीच करायचा आणि वळणात सायकल शक्य तितकी उभी ठेवायची. वळण जमणार नाही असं दिसलं आणि कडेला गवत किंवा माती असेल तर सरळ तिच्यात जाऊन थांबा. समोरून वाहनं येतात त्या बाजूला जाऊ नका.

मागचा गेला तर सगळं उलट: वजन पुढे, पुढचा ब्रेक हलक्या हाताने.

बरे झालात की गवतावर, चालण्याच्या वेगाने, पुढच्या चाकातली बरीचशी हवा काढून सायकल चालवून बघा. ते लिबलिबीतपण हातांना ओळखीचं झालं पाहिजे. नुसत्या मागच्या ब्रेकने थांबायचा सरावही करा.

आणि ती ट्यूब टाकली नसेल तर नीट बघा. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर ती खड्ड्यात चिमटली. रिमकडच्या अंगाला भोक असेल तर रिमटेप (रिमच्या आतली पट्टी) सरकली. लांब चीर असेल तर टायरची कड रिमवरून सुटली, ट्यूब बाहेर फुगली आणि मग फुटली. एवढा मोठा बार बहुधा असाच होतो.

दुसरा प्रतिसाद

उतारभर ब्रेक धरून होतात का? रिम ब्रेकमध्ये सगळी उष्णता रिमवर येते आणि तिथून हवेत जाते. आतली हवा २० अंशांवरून ८० अंशांवर गेली तर १०० पीएसआयचे साधारण १२३ होतात. नीट बसलेला चांगला टायर एवढं सोसतो, अर्धवट बसलेला सोसेलच असं नाही. वळणाआधी जोरात दाबा, मग पूर्ण सोडा, रिमला वारा लागू द्या.

चाक लॉक होऊ देणंही, म्हणजे ब्रेकने ते फिरायचंच थांबणंही, वाईटच. २००३ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत गॅप गावाकडे उतरताना होसेबा बेलोकी या सायकलपटूचं मागचं चाक वितळलेल्या डांबरावर लॉक होऊन घसरलं, टायर रिमवरून सुटला आणि त्याच्या मांडीचं हाड, कोपर, मनगट मोडलं.

प्रश्नकर्ता

ट्यूब पिशवीतच होती. व्हॉल्व्हला लागून वीतभर चीर आहे. टायर कुठेच कापलेला नाही. आणि हो, उतारभर दोन्ही ब्रेकवर बोटं दाबूनच होतो.

पहिला प्रतिसाद, पुन्हा

मग ट्यूब टायरच्या कडेखाली अडकली होती असंच मला वाटतं. व्हॉल्व्हपाशी ती जाड असते, तिथे हमखास अडकते. कड बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. रात्रभर टिकते आणि रिम तापली की सुटते.

पुढच्या वेळी टायर चढवला की व्हॉल्व्ह अंगठ्याने आत ढकला, मग परत खाली ओढा. टायर चिमटीत धरून बाजूला सारत पूर्ण फेरी मारा, दोन्ही अंगांनी. कुठे ट्यूब डोकावली तर तिथे पुन्हा बसवा. ३० पीएसआय भरून चाक फिरवा. टायरवर रिमलगत एक बारीक उंच रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. कुठे वर चढली किंवा आत बुडाली असेल तर हवा काढा आणि पुन्हा करा. त्यानंतरच पूर्ण हवा. याला मला पाच मिनिटं लागतात आणि उतार असो-नसो, मी ती दरवेळी देतो.

तो टायर आता पुढच्या चाकाला लावू नका, टायरच्या कडेतली तार ताणली गेली असेल. रिमच्या कडेवरून नख फिरवा. खाच लागली किंवा कड वाकलेली दिसली तर रिमही बदला.