'स्कीमा जनरेट करणे'ला मराठीत काय म्हणावं?

बर्डीकर:
नमस्कार मंडळी. इथे नागपुरात पॉलिटेक्निकच्या पोरांसाठी मराठीत नोट्स लिहून राहिलो. विषय असा की जावाचे (प्रोग्रामिंग भाषेचे) क्लास, म्हणजे वस्तूंचे साचे, आधीच लिहिलेले आहेत, सॉफ्टवेअर चालू आहे, आणि त्या क्लासवरून रिलेशनल डेटाबेसचा (टेबलांत माहिती ठेवणाऱ्या डेटाबेसचा) स्कीमा, म्हणजे टेबलं न कॉलम यांची मांडणी, करायचा. दोन ठिकाणी अडलोय. 'रिलेशनल'ला 'संबंधात्मक' लिहू का? आणि 'स्कीमा जनरेट करणे'ला काय म्हणू, निर्माण करणे, काढणे, की पोरं म्हणतात तसं 'टेबलं पाडणे'?

परसोडीवाला:
दादा, 'संबंधात्मक' लिहा पण खाली एक ओळ टाकाच. पोरांना वाटते दोन टेबलं फॉरेन कीनं (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या कॉलमनं) जोडली म्हणून ते रिलेशनल. तसं नाही ना. रिलेशनल मॉडेल मांडणाऱ्या एडगर कॉडनं 1970 च्या पेपरात गणितातला 'रिलेशन' घेतला, म्हणजे सारख्या ठेवणीच्या ओळींचा संच, थोडक्यात टेबल हेच रिलेशन, मग डेटाबेसमध्ये एकच टेबल असलं तरी तो रिलेशनलच. टेबला-टेबलातल्या जोडणीला रिलेशनशिप म्हणतात, ते वेगळं, आणि मराठीत दोन्हीला 'संबंध' लिहिलं की सगळा घोळ होते. मी तर 'रिलेशनल' तसाच ठेवतो आणि जोडणीला 'नातं' म्हणतो.

स्कीमाला 'आराखडा' चालेल, पण बोलताना सगळे स्कीमाच म्हणतात. फक्त 'स्कीम' नका लिहू, ते सरकारी योजनेचं वाटते.

धरमपेठची मास्तरीण:
मी मराठी शिकवते, कॉम्प्युटरचं मला फार कळत नाही, पण वर्णन वाचून वाटलं की 'बेतणे' बसेल. कापड मापानं बेततात, कादंबरीवर सिनेमा बेतलेला असतो. म्हणजे मूळ एक वस्तू आधीच आहे, तिच्यावरून दुसरी करायची, पण दुसरीचे नियम वेगळे. 'क्लासवर बेतलेला स्कीमा' असं म्हणता येईल का?

मिहानवाला:
मॅडम, एकदम बरोबर शब्द दिला तुम्ही! 'पाडणे' म्हटलं की वाटते बटण दाबलं न टेबलं पडली, झालं काम. 'निर्माण' म्हटलं तर काहीच नव्हतं तिथून केलं असं वाटते. 'बेतणे'मध्ये कुणीतरी माप घेऊन ठरवलं हे येते आणि खरं काम तेच आहे.

कळमना मार्केटात माल आणणाऱ्या गाड्यांचं उदाहरण घ्या. 'वाहन' क्लास, त्याच्यातून 'ट्रक' आणि 'ऑटो' निघाले. टेबलाला असा वारसा (एका क्लासमधून दुसरा निघणं) कळत नाही, मग तीन रस्ते. सगळं एकाच टेबलात, तेव्हा ऑटोच्या ओळीत ट्रकचे कॉलम रिकामे राहतात आणि त्या कॉलमवर सरळ 'नॉट नल' (रिकामं चालणार नाही ही अट) लावता येत नाही. किंवा वाहनाचं एक टेबल आणि ट्रक-ऑटोची वेगळी, दरवेळी जॉइन करा, म्हणजे ओळी जुळवून एकत्र आणा. नाहीतर ट्रकचं पूर्ण टेबल, ऑटोचं पूर्ण टेबल, मग 'आज आलेल्या सगळ्या गाड्या' हव्या तर युनियन, म्हणजे दोन्ही टेबलांच्या ओळी एकाखाली एक. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर जेपीए (जावाचे क्लास टेबलांशी जोडायचं ठरलेलं मानक) पहिला रस्ता धरते, म्हणजे ठरवणं टळलं नाही, दुसऱ्या कुणी तुमच्यासाठी ठरवलं.

तसंच स्ट्रिंग (मजकुराच्या) फील्डला न विचारता 255 ची लांबी लागते. ईनमचं (ठरावीक किमतींच्या यादीचं) तर फार सांभाळा, जेपीएमध्ये तो मुळात क्रमांक म्हणून साठतो, कुणी मधेच नवीन किंमत घातली की जुन्या ओळींचा अर्थच बदलतो आणि कुठलाही एरर येत नाही. लिस्टमध्ये क्रम असतो, टेबलाच्या ओळींना नसतो, क्रम पाहिजे तर त्याचा कॉलम मुद्दाम ठेवावा लागते. हे सगळं पोरांना शिकवायला पाहिजे, माझी कळकळीची विनंती आहे.

परसोडीवाला:
मान्य. फक्त 'जिवावर बेतणे' आठवून पोरं घाबरणार नाही ना?

धरमपेठची मास्तरीण:
नाही हो, तो अर्थ 'जिवावर', 'गळ्यावर' सोबत असला तरच येतो. 'एखाद्या गोष्टीवर बेतलेला' हे रोजच्या वापरातलं आहे.

बर्डीकर:
मनापासून आभार मॅडम, आणि भाऊ तुमचेही. मग वाक्य असं ठेवतो: 'आधीच्या क्लासवरून टेबलं बेतणे.' आता हायबरनेटच्या (जेपीएचं काम करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) 'अपडेट' सेटिंगला, म्हणजे क्लास बदलले की स्कीमा आपोआप बदलणाऱ्या सोयीला, काय म्हणू? फील्डचं नाव बदललं तर ते जुना कॉलम तसाच ठेवते आणि नवीन रिकामा जोडते, त्याला 'सुधारणे' म्हणवत नाही.

मिहानवाला:
'भर घालणे' म्हणा, ते तेवढंच करते. जुना डेटा नवीन कॉलमात न्यायला मायग्रेशन हातानं लिहावं लागते, त्याला 'स्थलांतर' नका लिहू, मायग्रेशनच राहू द्या, कामावर सगळीकडे तेच ऐकू येते.