घरी १२ फुटी होडी बांधतोय, इपॉक्सी आणि दमट हवेबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, कर्ली खाडीच्या काठी आमचं गाव, तिथल्या मांगरात (शेतावरच्या साध्या घरात) १२ फुटाची वल्ह्याची होडी बांधायला घेतलीय. मी सुतार नाही, हौसेने करतोय, पण होडी खरोखर पाण्यात घालायचीय आणि त्यात घरची माणसं बसणार आहेत त्यामुळे अंदाजपंचे काही नकोय.

पद्धत स्टिच अँड ग्लू. प्लायच्या फळ्या आकारात कापायच्या, कडेला भोकं पाडून तांब्याच्या तारेने शिवायच्या, तारा पिळत गेलं की सपाट फळ्यांना आपोआप होडीचा बाक येतो, मग आतून सांध्यात इपॉक्सीत (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा रेझिनचा गोंद) लाकडाचं बारीक पीठ कालवून श्रीखंडाएवढं घट्ट करून भरायचं आणि वर ग्लास टेप, म्हणजे काचतंतूच्या कापडाची पट्टी. शेजारच्या सुतारकाकांना दाखवलं तर म्हणाले, "अरे ही तर आमची शिवलेलीच होडी मा!" रापणीच्या (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या) होड्या पूर्वी काथ्याने शिवायचे ना. आता ते रोज संध्याकाळी बघायला येतात, मला फार बरं वाटतं.

प्लाय ६ एमएम मरीन आहे, आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) चा शिक्का बघून घेतला. दुकानदार बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारा साधा प्लाय) घ्या म्हणत होता पण तो आयएस ३०३ वाला, आणि ७१० ला ७२ तास उकळण्याची टेस्ट असते, त्यामुळे पैसे वाचवले नाहीत. शीट ८ फुटाचीच मिळते म्हणून स्कार्फ जोड घेतला, म्हणजे दोन्ही कडा तिरक्या तासून एकमेकींवर चिकटवल्या, १ ला ८ उतार म्हणजे ६ एमएम जाडीला ४८ एमएम. जोड मजबूत आलाय, तारा पण ओवून झाल्यात.

आता अडलंय ते इथे. सगळीकडे सांगतात की कोऱ्या लाकडावर इपॉक्सीचा पहिला हात संध्याकाळी, तापमान उतरत असताना मारा, कारण दिवस तापत असताना लाकडातली हवा फुगून बाहेर येते आणि कोटिंगमध्ये बुडबुडे धरतात. पटतं. पण आमच्याकडे संध्याकाळीच हवा जास्त दमट होते, आणि दमट हवेत इपॉक्सीवर तो मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतला नाही तर पुढचा हात नीट धरत नाही. मग करायचं काय? मांगराच्या एका कोपऱ्याला ताडपत्री लावून आत दोनतीन मोठे बल्ब दुपारपासून लावायचे आणि ते बंद करून लगेच हात मारायचा असं डोक्यात आहे, तापमानही उतरतं आणि हवाही त्यातल्या त्यात कोरडी राहील. कोणी केलंय का असं? की सरळ दसऱ्यानंतर हवा सुटेपर्यंत थांबू?

दुसरं म्हणजे बाहेरून पूर्ण बुडाला २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम) काचतंतूचं कापड लावू की फक्त सांध्यांना टेप पुरेल? होडी कायम पाण्यात नाही ठेवणार, काम झालं की ओढून वर घेणार आणि पावसाळ्यात शाकारणार, त्यामुळे लाकूड पोखरणाऱ्या किड्याची भीती कमी आहे, पण काठाला कालवं आणि धारदार कातळ भरपूर आहे. पूर्ण कापड लावलं की वजन वाढतं आणि मला दोघांना उचलता येईल अशीच होडी हवीय. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्या एकाने साधं पॉलिएस्टर रेझिन वापर, स्वस्त पडेल असं सुचवलं, पण ते लाकडाला इपॉक्सीसारखं धरत नाही, कालांतराने सुटतं, म्हणून ते नको, कृपया तो सल्ला पुन्हा देऊ नका.

कडेच्या पट्ट्यांना साग वापरतोय. सागात तेल असतं म्हणून चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसायचं हे माहितीय, पण पुसल्यावर किती वेळात गोंद लावायचा? आणि खाऱ्या पाण्यात पितळी स्क्रू कालांतराने ठिसूळ होतात म्हणून ३१६ ग्रेडचे (खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा कमी गंजणारे) स्टेनलेस स्टीलचे हवेत, रत्नागिरी किंवा पणजीकडे सुटे मिळतात का? इथे सगळे ३०४ च दाखवतात.

कोकणात किंवा गोव्यात प्रत्यक्ष इपॉक्सी काम केलेल्यांनी आधी त्या बल्बच्या प्रश्नाचं सांगा प्लीज, माझं बाकी सगळं त्यावर अडलंय.