उत्तर सुचेपर्यंत बसून राहण्याची सवय परत आणता येईल का?

प्रश्न (गणित शिक्षिका, जुळे सोलापूर)

मी १८ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पूर्वी सुट्टीच्या दुपारी भूमितीचा अडलेला प्रश्न घेऊन बसले की ऊन उतरेपर्यंत जागेवरून उठत नसे. आता दहा मिनिटांत हात फोनकडे जातो, आणि तो वाजलेला नसतानाही जातो. शाळेत मुलांजवळ फोन नसतोच, तरीही उदाहरण फळ्यावर लिहून दोन मिनिटे होत नाहीत तोच ‘बाई, सांगा ना’ सुरू होते. त्यांना उत्तर येत नाही याचे मला वाईट वाटत नाही. उत्तर न सुचण्याचा काळ त्यांना सोसवत नाही याचे वाटते, कारण माझ्या अनुभवात खरा विचार त्याच काळात होतो. ही ताकद एकदा गेली की परत येते का? येत असेल तर घरी आणि वर्गात नेमके काय करावे?

उत्तर १ (चादरीच्या नक्षीचे काम, पूर्व भाग)

बाई, माझे वडील जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, कार्डांना भोके पाडण्याचे काम करीत. चादरीवरची नक्षी आधी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढली जायची. साध्या नक्षीत एका आडव्या ओळीसाठी एक कार्ड; कार्डावर जिथे भोक असेल तिथला हुक वर जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो, जिथे भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. मोराच्या मानेतला एक चौकोन चुकला, तर ते कार्ड बदलेपर्यंत विणलेल्या प्रत्येक चादरीतल्या प्रत्येक मोराची मान चुकते. म्हणून ओळ वाचायला घेतली की वडील कागदावरची पट्टी हलवत नसत, आणि आई चहा शेजारी ठेवून काही न बोलता निघून जाई. कोणी हाक मारलीच तर ते ओ देत, पण मग ती ओळ पुन्हा पहिल्या चौकोनापासून मोजत.

आता नक्षी संगणकावर होते आणि ते कष्ट गेले, याचा मला आनंद आहे. परंतु कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग शोभेल हे ठरवायला अजूनही पूर्वीइतकाच वेळ लागतो, आणि मध्येच व्यापाऱ्याचा संदेश पाहिला की मीही पहिल्या चौकोनावर जातो. माझ्या हाताखाली पट्टी नसल्यामुळे आपण मागे गेलो आहोत, हे मात्र मला लगेच कळत नाही.

उत्तर २ (मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक)

वरील अनुभवाला संशोधनाचा आधार आहे. सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवून दिले की अपुरे राहिलेले काम सोडून आपण दुसऱ्या कामाकडे वळलो, तरी लक्षाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि त्यामुळे दुसरे काम उणे होते. २०१७ साली एड्रियन वॉर्ड व सहकाऱ्यांनी प्रयोगात काहींचे फोन टेबलावर, काहींचे खिशात वा पिशवीत आणि काहींचे दुसऱ्या खोलीत ठेवायला लावले; फोन मुके असूनही दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची बौद्धिक कामगिरी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. पुढच्या सर्वच प्रयोगांत हा परिणाम तितका ठळक दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठी इमारत उभारू नये. तरीही फोन उपडा ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे आणि तो करून पाहण्यासारखा आहे.

उत्तर ३ (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी)

सर, दुसरी खोली सर्वांकडे नसते. आमच्या घरी एकच खोली आहे. आई तिथेच सूप मांडीवर घेऊन विड्या वळते, टीव्ही चालू असतो आणि धाकटी भावंडे अभ्यास करतात. अभ्यासिकेला दरमहा जे पैसे भरतो, ते खुर्चीचे नसून शांततेचे आहेत असे मला वाटते. एकाग्रतेबद्दल बोलताना तिला लागणारी जागा आणि शांतता कोणाला परवडते, हेही बोलले पाहिजे. तिथे मी फोन बंद करून पिशवीत टाकतो. पहिला अर्धा तास अतिशय जड जातो, अक्षरे डोळ्यांपुढून नुसती सरकतात, आणि त्यानंतरच एखादा मुद्दा मनात धरला जातो. पूर्वी तो अर्धा तास मी रोज मध्येच सोडून देत होतो. बाई, ताकद परत येते, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. शांततेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता; वर्गातली ४० मिनिटे काही मुलांसाठी दिवसातली एकमेव निवांत वेळ असू शकते. म्हणून काल शिकवणे बाजूला ठेवले आणि देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या घेतली. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करायची, आणि आलेल्या उत्तराचे (ते तीन अंकी आल्यास आधी शून्य धरून) पुन्हा तेच करायचे. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येतात आणि गाडी तिथेच थांबते. कोणत्याही संख्येला सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. ‘असे का होते?’ एवढे विचारून मी खुर्चीत बसले आणि काहीही सांगायचे नाही असे ठरवले.

पहिली दहा मिनिटे चुळबुळ झाली, दोघांनी पाणी प्यायला जायची परवानगी मागितली. मग शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की प्रत्येक वजाबाकीला ९ ने भाग जातो. तिचे बरोबर होते. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा ती तीन अंकी संख्या मांडत होती, तिथेही असेच एखादे उत्तर असेल का हे पाहायला. ते ४९५ आहे; तिला अजून सापडलेले नाही आणि मी सांगितलेले नाही.