मदत हवी आहे: डफ, तुणतुणं आणि दोनच माईक

जमीन संपादनाविरोधात आमच्या कलापथकाने बसवलेलं गाणं एका संगीतकार मित्राच्या घरच्या स्टुडिओत रेकॉर्ड करायचंय. खोली लहान, भिंतींवर गोधड्या टांगल्यात. इंटरफेसला (माईक कॉम्प्युटरला जोडणारी पेटी) दोनच माईक जोडता येतात: एक कंडेन्सर (बारीक आवाजही टिपणारा), एक एसएम ५७ (कमी संवेदनशील, डायनॅमिक माईक).

डफ कडाडला की दोन्ही माईकमध्ये शिरतो, शाहिरांचा आवाज दबतो. वेगवेगळं घ्यावं तर क्लिकवर (हेडफोनमधल्या लयीच्या टिकटिकीवर) गाताना शाहीर अवघडतात, झीलकऱ्यांकडे (मागे साथीला गाणाऱ्यांकडे) बघितल्याशिवाय त्यांना रंगच चढत नाही (आणि खरं सांगायचं तर मोर्चात क्लिक असतोच कुठे!).

आधी सगळ्यांचा एकत्र कच्चा टेक घेऊन त्यावर शाहीर आणि 'जी जी रं जी'चा कोरस पुन्हा गाऊन घ्यावा का? लय मोकळी असल्याने जुळेल? चौघे झीलकरी एकाच कंडेन्सरसमोर किती अंतरावर उभे करावेत? डफ-तुणतुणं रेकॉर्ड केलेल्यांनी कृपया सांगा.